नाव ठेवणं आणि नावं ठेवणं

मराठीत बाळाचं नाव ठेवतात, आणि कुणाचे दोष काढले की त्याला नावं ठेवली म्हणतात. फरक फक्त एका अनुस्वाराचा. एका अख्ख्या समाजाला नाव मिळतं तेव्हा या दोनांपैकी नेमकं काय झालं हे ओळखणं अवघड असतं, कधीकधी ठेवणाऱ्यालाही ते सांगता येत नाही. आपल्या कोकण किनाऱ्यावर हा गुंता गावोगावी आहे. म्हणून 'वांशिक ओळख' हा जड वाटणारा विषय मी इथल्याच माणसांवरून सांगते.

आधी आपलाच शब्द घेऊ. 'कोकणी' म्हणजे कोण? मुंबईतल्या चाकरमान्याला विचारा, ज्याचं गाव कोकणात तो कोकणी. गोव्यात कोकणी ही भाषा आहे, १९९२ साली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत गेलेली. रत्नागिरी-रायगडातल्या मोहल्ल्यात 'आम्ही कोकणी' म्हटलं की अर्थ होतो कोकणी मुसलमान, ज्यांची बोली आणि जेवण बाकीच्या मुसलमानांहून वेगळं. आणि सरकारी यादीत 'कोकणा, कोकणी, कुकणा' ही अनुसूचित जमात आहे, तिची वस्ती पालघर आणि नाशिककडच्या डोंगरांत. गुहागरच्या माणसाने अर्जात जमातीच्या रकान्यात सहज 'कोकणी' लिहिलं, तर तो न कळत दुसऱ्याच्या घरात शिरला.

अशा वादात तीन गोष्टींची गल्लत होते. वंश म्हणजे शरीरावरून, रंगावरून, केसांवरून केलेली विभागणी. आजचं विज्ञान माणसांचे असे पक्के कप्पे मानत नाही, पण लोक मानतात, त्यामुळे त्याचे परिणाम खरे असतात. समाज म्हणजे एकत्र राहून घडलेली माणसं: भाषा, सण, सोयरीक, स्वयंपाक. आणि तिसरी गोष्ट सरकारी प्रवर्ग, म्हणजे फॉर्मवरचा रकाना. पहिली नजरेत असते, दुसरी घरात आणि तिसरी कागदावर. बहुतेक भांडणं या तिघांचा मेळ बसत नाही म्हणून होतात.

मी रेवदंड्यात वाढले. आमच्या शेजारच्या आजींकडून वर्षातून एक-दोनदा ताट यायचं. भिजवलेले पोहे, वर ओलं खोबरं, साखर, वेलची आणि कडेला कापलेली फळं. त्याला मलिदा म्हणायचे. एलियाहू हानाबी या पैगंबराच्या नावाने केलेला नवस फिटला की तो करायचा. ताट रिकामं परत द्यायचं नाही, म्हणून आई त्यात दोन नारळ ठेवायची. आजी नऊवारी नेसायच्या, ओव्या म्हणायच्या आणि शनिवारी चूल पेटवायच्या नाहीत. गावातली जुनी माणसं त्यांना 'शनवार तेली' म्हणायची. त्या स्वतःला 'बेने इस्राएल' म्हणायच्या, म्हणजे इस्राएलची लेकरं. हा कोकणातला ज्यू समाज.

या समाजाची परंपरा सांगते की फार जुन्या काळी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या. त्यांच्या वंशजांनी तेलाचा घाणा धरला. शनिवारी घाणा बंद. कोकणात सोमवारी घाणा बंद ठेवणारे शिवभक्त तेली होते, ते सोमवार तेली. मग हे शनवार तेली. बघा, गावाने किती सहज यांची सोय लावली! पाहुण्यांचा देव कोण, पोथी कोणती, याची चौकशी झाली नाही. धंदा कोणता आणि सुट्टी कधी, एवढ्यावर त्यांना गावगाड्यात जागा मिळाली. या नावात तुच्छता होती का? तेली म्हणून उतरंडीवर जी पायरी वाट्याला यायची ती आलीच. पण याच नावाखाली हा समाज शेकडो वर्षं कुणाच्या छळाशिवाय इथे राहिला, हेही तितकंच खरं. आडनावंही त्यांनी इथलीच घेतली: किहीमकर, रोहेकर, पेणकर, दिवेकर.

बाहेरचा शिकलेला माणूस आला आणि नाव बदललं. दावीद राहाबी नावाचा एक ज्यू पाहुणा कोकणात आला, असं हीच परंपरा सांगते. त्याचा काळ कोणता यावर अभ्यासकांचं एकमत नाही. हे लोक शनिवार पाळतात, मुलांची सुंता करतात आणि 'शेमा इस्राएल' ही एकच प्रार्थना त्यांच्या तोंडी उरली आहे, हे त्याने पाहिलं. मग परीक्षा म्हणून त्याने बायकांपुढे मिसळीची मासळी ठेवली आणि रांधायला सांगितलं. बायकांनी खवले आणि पर असलेली मासळी एका बाजूला केली, बाकीची दूर सारली आणि म्हणाल्या, हे आम्ही खात नाही. ज्यू धर्मशास्त्राचा नियम तोच आहे. कोकणात ही गोष्ट सांगायला सोपी जाते, कारण मुशी आणि शिंगाळ्याला खवले नसतात, बांगड्याला असतात, हे इथे पोराटोरांनाही माहीत असतं. मला यात एक गोष्ट विशेष वाटते. त्या बायकांनी कुठलंही नाव सांगितलं नाही. त्यांची ओळख त्यांच्या हातात होती.

त्यानंतर मुंबई आली. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत चढलेल्या सॅम्युएल दिवेकरांनी १७९६ साली मांडवी भागात या समाजाचं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बांधलं. लोक त्यांना सामाजी हसाजी म्हणत. सॅम्युएलचा सामाजी, एझिकेलचा हसाजी! आणि सिनेगॉगला ते स्वतः 'मशीद' म्हणत. मशीद बंदर स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं मानलं जातं. आज कुणी म्हणेल, नाव हिंदू वळणाचं, शब्द मुसलमानी आणि धर्म ज्यू, हा माणूस नक्की कोण? त्याला स्वतःला हा प्रश्न कधी पडला असेल असं मला वाटत नाही.

पण ज्याला बाहेरून नाव पडतं तोही आत नावं ठेवतोच. बेने इस्राएलांत 'गोरे' आणि 'काळे' असे दोन तट होते. ज्यांच्या पूर्वजांनी समाजाबाहेरच्या बायका केल्या असं मानलं जायचं, ते काळे. त्यांच्याशी रोटी-बेटी व्यवहार नसे. आजूबाजूची जातिव्यवस्था या पाहुण्यांनीही अशी उचलली. शेजारच्या आजी याबद्दल बोलायच्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, 'आमच्यात पण होतं ते,' आणि विषय बदलला.

आता गोष्ट समुद्रापार जाते. १९४८ साली इस्राएल देश झाला आणि त्यानंतर बेने इस्राएल तिकडे निघाले. त्या सुमारास भारतात ते २०,००० च्या आसपास होते, आज जेमतेम काही हजार उरले आहेत. इथे ते सगळ्यांत 'ज्यू' म्हणून वेगळे होते, तिथे सगळेच ज्यू, त्यामुळे तिथे ते 'भारतीय' म्हणून वेगळे पडले. हिब्रूत त्यांना 'होदी' म्हणतात, म्हणजे हिंदी माणूस. १९५१-५२ मध्येच काहींनी भेदभावाची तक्रार करत परत पाठवा म्हणून धरणं धरलं, आणि ते भारतात परतलेही.

मोठा घाव पुढे बसला. तिथल्या प्रमुख धर्मपीठाने १९६२ साली फतवा काढला की बेने इस्राएल मुलगा किंवा मुलगी दुसऱ्या ज्यू घरात लग्न करणार असेल, तर आई, आजी, पणजी, जमेल तितकं मागे जाऊन कूळ तपासावं. कारण असं दिलं की शतकानुशतकं हे लोक धर्मपंडितांपासून तुटलेले होते, त्यांची लग्नं आणि काडीमोड शास्त्राप्रमाणे झाले की नाहीत कोण जाणे. रोह्याची पणजी कुणाकडून आली याचा कागद कुणी कुठून आणायचा? ज्या लोकांनी शेकडो वर्षं शनिवार सोडला नाही, त्यांच्याकडे तो पाळल्याचा पुरावा मागितला गेला.

लोक रस्त्यावर उतरले. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये धरणं झालं, संसदेचं खास अधिवेशन भरलं आणि बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत असा ठराव झाला. मग धर्मपीठाने फतव्याचे शब्द बदलले. 'बेने इस्राएल' हे नाव काढलं आणि ज्याच्या कुळाबद्दल शंका असेल असा कुणीही, अशी भाषा घातली. चौकशी पूर्ण गेली नाही, फक्त समाजाचं नाव नियमातून गेलं. एवढ्यासाठी का भांडायचं, असं कुणाला वाटेल. पण नियमात एका समाजाचं नाव लिहिलं गेलं की त्या समाजात जन्मलेलं प्रत्येक मूल आरोपी म्हणून जन्मतं. लढा त्याविरुद्ध होता, आणि तो करण्यासारखाच होता.

'तू खरंच तो आहेस का?' ही परीक्षा जगभर घेतली गेली. दक्षिण आफ्रिकेत १९५० च्या कायद्याने प्रत्येक नागरिकाच्या वंशाची नोंद सक्तीची केली. शंका आली तर केसांत पेन्सिल खोचून बघत, ती अडकते की खाली पडते. सख्ख्या भावंडांना वेगवेगळे वंश मिळाले. अमेरिकेत गेलेल्या भारतीयांचं तर हसावं की रडावं असं झालं. १९२३ साली भगतसिंग थिंड या शीख गृहस्थांना तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तुम्ही 'गोरे' नाही, सबब नागरिकत्व नाही. १९३० आणि १९४० च्या जनगणनेत भारतीयांच्या वंशाच्या रकान्यात शब्द होता 'हिंदू', मग माणूस शीख असो वा मुसलमान. श्रीवर्धनचा एखादा मुसलमान खलाशी तेव्हा न्यूयॉर्कला उतरून राहिला असता तर वंशाने 'हिंदू' ठरला असता. १९७० मध्ये भारतीय 'गोरे' मोजले गेले. १९८० पासून 'एशियन इंडियन' असा स्वतंत्र रकाना आला, आणि तो आपल्याच लोकांनी मागून घेतला, कारण गोऱ्यांत मोजल्यावर भेदभावाची दाद कुठल्या आधारावर मागणार? माणसं तीच होती, नावं मात्र पन्नास-साठ वर्षांत पुन्हा पुन्हा बदलली.

परीक्षा फक्त दूरदेशी होतात असं समजू नका. आपल्याकडे जात पडताळणी आहे. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात पडताळणीची पद्धत घालून दिली. तो दावा महादेव कोळी असल्याचा होता. महादेव कोळी, मल्हार कोळी आणि टोकरे कोळी अनुसूचित जमातींत आहेत. आपल्या किनाऱ्यावरचे मासेमारी करणारे सोनकोळी नाहीत, ते विशेष मागास प्रवर्गात मोडतात. 'कोळी' हा शब्द एक, पण दारं वेगवेगळी. म्हणून शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी पन्नास वर्षांपूर्वी नुसतं 'हिंदू कोळी' लिहिलं असेल, तर नातवाचं शिक्षण त्या दोन शब्दांवर अडू शकतं. कागद पुरेसे नसतील तर 'अॅफिनिटी टेस्ट' होते: कुलदैवत कोणतं, लग्नात काय करता, मयताचे विधी कसे? म्हणजे पुन्हा मासळीची परीक्षाच.

ही तपासणी उगाच आली नाही. खोट्या दाखल्यांवर नोकऱ्या लाटल्या गेल्या आणि खऱ्या आदिवासी मुलांच्या जागा गेल्या, हे महाराष्ट्रात उघड्या डोळ्यांनी पाहिलं आहे. पण परीक्षेतही खोट आहे. तीन पिढ्या शहरात राहिलेल्या ठाकूर मुलीला पाड्यावरचा विधी सांगता आला नाही, म्हणून ती ठाकूर नाही का? २०२३ साली ठाकूर जमातीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही चाचणी एकमेव कसोटी मानता येणार नाही, स्थलांतराने आणि आधुनिक राहणीने चालीरीती पुसट होतात. माझ्या मते हा गेल्या काही वर्षांतला फार समजूतदार निकाल आहे, आणि त्याची चर्चा व्हावी तितकी झालेली नाही.

नावाचा अर्थ काळाप्रमाणे कसा उलटतो ते मुरूडला दिसतं. जंजिऱ्याच्या संस्थानाला जुने मराठी कागद 'हबसाण' म्हणतात, हबश म्हणजे इथिओपियाकडचा मुलूख. तिथले राज्यकर्ते सिद्दी. हा शब्द अरबी 'सय्यिदी'वरून आला असं मानतात, अर्थ 'माझे धनी'. १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत तिथे सिद्दी नवाबच होते. आणि याच किनाऱ्याने खाली उत्तर कन्नडात गेलं, की यल्लापूर-हल्याळच्या जंगलाकडेला सिद्दी शेतमजूर भेटतात. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत आणि ख्रिस्तीही. नाव तेच, पण इकडे सिंहासनाचं आणि तिकडे गुलामगिरीच्या आठवणीचं. कर्नाटकात त्यांना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. महाराष्ट्राच्या यादीत सिद्दी नाहीत. १९८७ मध्ये सरकारी क्रीडा योजनेने सिद्दी मुलं धावण्यासाठी निवडली, रक्त आफ्रिकेचं म्हणजे पळतीलच या समजुतीवर. काही मुलांचं त्याने भलं झालं, पण काही वर्षांतच योजना गुंडाळली गेली. आपल्या अंगाकडे बघून उघडलेलं दार कधी मिटेल, हे आतल्या माणसाच्या हातात नसतं.

स्वतःहून नाव घेतल्याचंही एक उदाहरण जवळच आहे. वसई, साष्टी आणि मुंबईचे मूळ ख्रिस्ती, घरात मराठीची बोली बोलणारे, पश्चिम किनाऱ्यावर राहून 'ईस्ट इंडियन' का? गोव्याहून आलेले ख्रिस्तीही मुंबईत 'पोर्तुगीज ख्रिस्ती' म्हणवत आणि नोकऱ्यांत स्पर्धा होती. आम्ही पोर्तुगालचे नाही, ब्रिटिशांचे जुने प्रजाजन आहोत, हे ठसवायला १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, त्यांनी हे नाव धारण केलं. त्यात ईस्ट इंडिया कंपनीची सावली आहे. ती कंपनी गेली, राणीही गेली, पण लुगडं आणि बाटलीमसाला यांच्या जोडीला नाव राहिलं, आणि आज ते कुणी काढून घेऊ म्हटलं तर भांडण होईल. गरजेपोटी घेतलेलं नावही चार पिढ्यांत रक्तात उतरतं.

मग रकाने असावेत की नसावेत? फ्रान्स सहसा वंशाची आकडेवारी गोळा करू देत नाही, सगळे फक्त फ्रेंच. ऐकायला छान आहे, पण मग कुणाला नोकरी नाकारली जाते ते मोजायचं कसं? उलट टोक रवांडाचं. ओळखपत्रावर हुतू की तुत्सी हे छापलेलं होतं, आणि १९९४ च्या हत्याकांडात नाक्यावर ते कार्ड बघून माणसं मारली गेली. सिंगापूरने मधली वाट धरली. तिथे चिनी, मलय, भारतीय आणि इतर असे चार रकाने आहेत. पण दापोलीचा मराठी आणि तंजावरचा तमिळ एकाच 'भारतीय' रकान्यात, आणि मुलाची आई चिनी असेल तर? २०११ पासून तिथे जोडनाव लावता येतं, 'भारतीय-चिनी' असं. त्यातही आधी कोणतं लिहायचं हा प्रश्न राहतोच.

मी रकान्यांच्या बाजूची आहे, एका अटीवर. मोजायला रकाना हवा, कारण जो मोजला जात नाही त्याच्यासाठी कुणी खर्च करत नाही. आपल्या जनगणनेत ज्यू 'इतर धर्म' या गठ्ठ्यात जातात. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला तेव्हा समाजाला झालेला आनंद मी पाहिला आहे. पण रकान्यात काय लिहायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. २०२७ च्या जनगणनेत सगळ्यांच्या जातीची नोंद व्हायची आहे, स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदाच. तेव्हा एक फरक लक्षात असू द्या. जनगणनेत तुम्ही जे सांगाल ते लिहून घेतलं जातं, त्यासाठी दाखला लागत नाही. दाखला लागतो तो सवलतीसाठी, आणि त्याची पडताळणी वेगळी. दारात आलेल्या शिक्षिकेला जातीचं नाव विचारपूर्वक सांगा, आडनावावरून तिला अंदाज करू देऊ नका. पोटजात, बोलीतलं नाव आणि सरकारी यादीतलं नाव ही तीन वेगळी असू शकतात. घरात आधी बसून बोला.

मागच्या थंडीत अलिबागच्या इस्राएल आळीत, सिनेगॉगच्या फाटकापाशी एक बाई भेटल्या. वय साठीच्या पुढचं, इस्राएलहून आलेल्या, मराठी जुन्या वळणाचं, 'जेवलांव का' म्हणणारं. तिकडे त्यांच्याकडे 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक यायचं, ते वाचून भाषा टिकली म्हणाल्या. तिकडे शेजारी त्यांना होदी म्हणतात. इकडे हॉटेलवाल्याने वहीत 'फॉरिनर' लिहिलं, त्याचं त्यांना जरा लागलं होतं. मी विचारलं, 'मावशी, तुम्ही स्वतःला काय म्हणवता?'

'ते बसून सांगते,' त्या म्हणाल्या. 'आधी नागावची रिक्षा कुठून मिळते ते दाखव. आजीच्या वाडीतली विहीर बघायची आहे, ऊन चढलं की मला चालवत नाही.'